देखभालीचे दुर्लक्षित अर्थकारण

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून जे बदल अमलात आले, त्यांत लोणी, तूप आणि चीज यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आइस्क्रीमवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला आणि वेष्टनबंद पनीर तर करमुक्तच झाले. ग्राहकवर्गाने या सवलतीचे स्वागत केले आणि ते स्वाभाविकच होते. तथापि या निमित्ताने झालेली सारी चर्चा किमतीपुरती मर्यादित राहिली. तूप वगळले तर यांतील बहुतेक जिन्नस शीतकपाटात ठेवल्यावाचून टिकत नाहीत. स्वस्त झाल्यामुळे ते अधिक खपणार, म्हणजे किराणा दुकानांतील शीतकपाटांवर अधिक भार पडणार. ती शीतकपाटे हा भार पेलण्याच्या स्थितीत आहेत काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे दिसले नाही. वरकरणी तो यंत्रदुरुस्तीचा, म्हणजे मेकॅनिकचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

१९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने गावोगावच्या दूध संस्था, शीतकरण केंद्रे, टँकर आणि शहरांतील डेअऱ्या यांची एक सलग साखळी उभी केली. १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन झाले. यांपैकी जे दूध संघटित डेअऱ्यांकडे जाते, त्याच्या तापमानावर अभियंते आणि तंत्रज्ञ लक्ष ठेवून असतात. दुधाची पिशवी, लोण्याचा पुडा किंवा आइस्क्रीमचा डबा दुकानात पोहोचला, की हे लक्ष संपते. तेथून पुढचे काही तास किंवा काही दिवस तो माल दुकानदाराच्या एका कपाटाच्या भरवशावर असतो. शेतकऱ्यापासून डेअरीपर्यंत घेतलेली सारी काळजी या अखेरच्या टप्प्यात वाया जाऊ शकते.

बिघाड कसा होतो?

शीतकपाट थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. कंप्रेसर हे काम करतो आणि बाहेर आणलेली उष्णता कंडेन्सरच्या जाळीतून हवेत जाते. किराणा दुकानात पिठाचा, धान्याचा, पोत्यांच्या तागाचा बारीक धुरळा सदैव उडत असतो. तो या जाळीवर साचतो. त्यातच जागेच्या टंचाईमुळे कपाट भिंतीला चिकटवलेले आणि बाजूला खोकी रचलेली असतात. उष्णता बाहेर पडेनाशी झाली, की कंडेन्सरचे तापमान चढते. आणि ते एक अंशाने चढले तरी विजेचा खप साधारणपणे दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५ अंशांवर गेला असता या यंत्राची काय दशा होत असेल, याची कल्पना करता येईल. कोकणातली अडचण निराळी. तेथे दाराचे रबर सैल झाले की पावसाळ्यातील दमट हवा आत शिरते, आतल्या नळ्यांवर बर्फाचा थर चढतो आणि तो थर थंडी मालापर्यंत पोहोचू देत नाही. याखेरीज वीज जाऊन लगेच परत आली म्हणजे कंप्रेसरला बसणारा धक्का, कमीजास्त होणारा दाब आणि नळीच्या जोडातून होणारी गॅसची सूक्ष्म गळती ही कारणे सर्वत्र समान आहेत.

यांपैकी एकही दोष एका रात्रीत उद्‌भवत नाही. जाळी झाडणे, रबर तपासणे, साचलेला बर्फ वितळवणे, कपाटामागे हवेला वाट ठेवणे, स्टॅबिलायझर बसवणे आणि वर्षातून दोनदा जाणत्या मेकॅनिककडून गॅसचा दाब व जोड पाहून घेणे, एवढ्या साध्या उपायांनी बहुतेक दोष वेळीच आवरता येतात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे, पेरणीपूर्वी बांध नीट करावेत, ही शिकवण आपल्या समाजाला नवी नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण बैल गेल्यावर झोपा करतो. एप्रिलच्या अखेरीस कपाट बंद पडते, मेकॅनिक त्याच सुमारास सर्वाधिक गुंतलेला असतो, आणि दोन दिवसांत सगळा माल फेकावा लागतो, किंवा, त्याहून वाईट म्हणजे, फेकला जात नाही.

साधा हिशेब

खर्चाच्या दृष्टीने पाहू. समजा, एका दुकानातील डीप फ्रीझर रोज पाच युनिट वीज घेतो आणि देखभालीअभावी त्याचा खप वीस टक्क्यांनी वाढला आहे. म्हणजे रोजचे एक युनिट जादा, वर्षाचे ३६५. व्यापारी दर युनिटला बारा रुपये धरला, तर वर्षाला ४,३८० रुपये केवळ धुळीपायी आणि बर्फापायी जातात. वर्षातून दोनदा साफसफाई आणि तपासणी करण्यास प्रत्येकी पाचशे रुपये पडले, तरी खर्च हजार रुपयांचा. यात कंप्रेसर जळण्याचा धोका, फुकट गेलेला माल आणि तुटलेले गिऱ्हाईक अजून धरलेलेच नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. कोणीही दुकानदार स्वतःच्या बिलावरून ते दुरुस्त करून पाहू शकेल. उत्तर फारसे बदलणार नाही.

मग चोख व्यवहाराबद्दल प्रसिद्ध असलेला आपला किराणा व्यापारी हा उघड फायद्याचा व्यवहार का करीत नाही? याचे उत्तर आळस असे देऊन मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. पण पहाटे दुधाच्या गाडीसाठी उठणाऱ्या आणि रात्री दहाला दुकान बंद करणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. उत्तर शोधावयाचे तर खर्च कोणाच्या खतावणीत पडतो आणि लाभ कोणाच्या, हे पाहावे लागते.

तीन निरनिराळ्या खतावण्या

दुकानाच्या दर्शनी भागात असलेले शीतकपाट पुष्कळदा दुकानदाराच्या मालकीचे नसते. शीतपेयांच्या आणि आइस्क्रीमच्या कंपन्या ते आपला माल ठेवण्याच्या अटीवर पुरवतात. यंत्र कंपनीचे, विजेचे बिल दुकानदाराचे आणि आतील मालाचा धोका ग्राहकाचा, अशी ही विभागणी होते. कंपनीने कमी वीज खाणारे महाग यंत्र दिले तर बचत दुकानदाराला होते. म्हणून ते देण्याची कंपनीला निकड नसते. दुकानदाराने यंत्र निगुतीने राखले तर त्याचे वाढलेले आयुष्य कंपनीच्या पदरात पडते. म्हणून त्याला राखण्याची हौस नसते. बिल फारच वाढू लागले की काही दुकानदार रात्री बटणच बंद करतात. सकाळी आइस्क्रीम पुन्हा गोठते आणि डबा बाहेरून पहिल्यासारखाच दिसतो.

येथे तिसरा पक्ष, म्हणजे ग्राहक, पूर्णतः अंधारात असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला तो अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला त्याची रास्त किंमत मिळत नाही. शीतकपाटातील मालाला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. वेष्टनावर किंमत, वजन आणि तारीख छापलेली असते. पण हा पुडा गेल्या चार दिवसांत किती तास कोणत्या तापमानात होता, हे कोठेही लिहिलेले नसते. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरतीलच असे नाही. एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवून निर्धोक होत नाही. जो दुकानदार आपले कपाट उत्तम राखतो, त्याला याबद्दल दोन पैसे जास्त मिळत नाहीत आणि जो राखत नाही, त्याचे गिऱ्हाईक लगोलग कमी होत नाही. बाजार अशा रीतीने निष्काळजीपणाला अभय देतो.

मेकॅनिकचे हितसंबंधही याहून वेगळे नाहीत. गळती शोधून जोड पक्का करण्यास वेळ लागतो आणि त्याचा मोबदला देण्यास कोणी राजी नसतो. गॅस भरून देण्याचे पैसे मात्र हातोहात मिळतात. परिणामी गळती तशीच राहते आणि तोच मेकॅनिक पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

विमान आणि रस्ता

विकसनशील देशांत देखभाल इतकी दुर्लक्षित का राहते, याचा एक मार्मिक खुलासा आल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आर्थिक विकासाच्या व्यूहनीतीवरील ग्रंथात केला आहे. गरीब देशांतही विमाने नीट राखली जातात आणि रस्ते मात्र खचतात. विमानाची हेळसांड तत्काळ व भयंकर रीतीने उघडकीस येते, तर रस्ता वर्षानुवर्षे हळूहळू बिघडत जातो आणि प्रत्येक वर्षीचे दुर्लक्ष खपून जाते. जेथे ढिलाईला वाव नसतो तेथे माणसे दक्ष राहतात, असा याचा अर्थ.

दुकानातील शीतकपाट हे रस्त्याच्या जातीचे आहे. परंतु याच देशात ते विमानाच्या जातीचे करता येते, याचा दाखला लसीकरणाने दिला आहे. १९८५ पासून चालू असलेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील लसींचे शीतकपाट २ ते ८ अंशांच्या दरम्यान राखावे लागते. त्याचे तापमान दिवसातून दोनदा कागदावर नोंदवण्याचा दंडक आहे, आणि तो सुटीच्या दिवशीही पाळावयाचा असतो. जिल्ह्यागणिक शीतसाखळीचे तंत्रज्ञ नेमलेले असतात. त्यांच्या प्रशिक्षणाचे एक राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच आहे. २०१५ पासून तापमानाच्या नोंदी आपोआप दूरवर पाठविणाऱ्या यंत्रणेचीही जोड मिळाली. तेथे सारे निर्दोष चालते असे कोणी म्हणणार नाही. परंतु तीच वीज, तोच उन्हाळा आणि तसेच कंप्रेसर असताना आरोग्य केंद्रात जे साधते ते समोरच्या दुकानात साधत नाही. केंद्रात तापमान लिहिले जाते आणि त्याबद्दल एक विशिष्ट व्यक्ती जबाबदार असते, हेच या फरकाचे मुख्य कारण आहे.

उभारणीला पैसा, जपणुकीला नाही

दुकानदाराला दोष देण्यापूर्वी शासनाने स्वतःच्या रीतीकडे पाहणे इष्ट ठरेल. कित्येक दशके आपल्या अंदाजपत्रकात योजना खर्च आणि योजनेतर खर्च असा भेद होता. नवे बांधकाम योजनेत येई, म्हणून ते विकासाचे मानले जाई. असलेल्याची देखभाल योजनेतर खर्चात येई, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावर पडे. रंगराजन समितीने २०११ साली हा भेद रद्द करण्याची शिफारस केली आणि केंद्रीय अंदाजपत्रकात तो २०१७-१८ पासून संपुष्टात आला. भेद गेला, पण वृत्ती अद्याप गेलेली नाही.

शीतगृहांचेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय बागवानी मंडळ सर्वसाधारण प्रदेशात शीतगृहाच्या प्रकल्पखर्चावर ३५ टक्के अनुदान देते. २०२० मध्ये घोषित झालेल्या एक लाख कोटी रुपयांच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. या योजना उपयुक्त आहेत आणि जुन्या यंत्रांच्या आधुनिकीकरणासही काही वाव त्यांत ठेवला आहे. तरी एकूण रोख उभारणीकडे आहे. यामुळे साखळीचा तोल कसा ढळतो, हे २०१५ सालच्या राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या पाहणीत स्पष्ट झाले. साठवणीच्या शीतगृहांची गरज सुमारे ३५१ लाख टन होती आणि ३१८ लाख टनांची क्षमता उपलब्ध होती. म्हणजे तूट किरकोळ होती. परंतु माल प्रथम थंड करून बांधण्याची ७० हजारांवर केंद्रे आवश्यक असताना प्रत्यक्षात होती केवळ २४९, आणि सुमारे ६२ हजार शीतवाहनांची गरज असताना ती दहा हजारांहूनही कमी होती. मोठी इमारत उद्‌घाटनाला शोभते. साखळीतले लहान दुवे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. दुकानातील कपाटाची देखभाल हा तर त्यांतला सर्वांत लहान दुवा.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतही हाच कल दिसतो. जळालेल्या कंप्रेसरच्या जागी नवा घेतला, की ती गुंतवणूक म्हणून मोजली जाते. पाचशे रुपयांच्या साफसफाईने जुना आणखी पाच वर्षे चालला, तर स्थूल उत्पन्नाच्या आकड्यात त्या लाभाची जवळजवळ दखलच घेतली जात नाही. घसारा वजा करून निव्वळ उत्पन्न पाहण्याची सवय आपल्या चर्चांना लागलेली नाही, म्हणून देखभालीने निर्माण होणारी संपत्ती आपल्याला दिसत नाही.

गॅसचा नवा पेच

या प्रश्नाला आता एक निकडीची बाजू प्राप्त झाली आहे. ओझोनच्या थराला मारक ठरलेले जुने गॅस १९८७ च्या माँट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने हटविले गेले. त्यांच्या जागी जे आले त्यांतील अनेक ओझोनला निर्धोक, परंतु हवामानाला घातक आहेत. दुकानी शीतयंत्रांत वापरला जाणारा आर-४०४ए हा गॅस एक किलो निसटला, तर त्याचा तापवृद्धीवरील परिणाम सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तेथील एका सर्वसाधारण सुपरमार्केटमधून वर्षाकाठी यंत्रातील गॅसपैकी सुमारे चतुर्थांश भाग गळून जातो. आपली छोटी बंद कपाटे त्या मानाने कमी गळतात; पण आपल्याकडील मोठी दालने वाढत आहेत आणि दुरुस्तीची रीत मात्र ‘गॅस भरून देण्याची’च आहे.

२०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तदनुसार या गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून उतरता करावयाचा आहे. पर्याय म्हणून येणारा प्रोपेन हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी आहे, पण तो ज्वालाग्राही आहे. अंदाजाने काम करणाऱ्या मेकॅनिकच्या हाती तो देणे धोक्याचे ठरेल. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य होते, ते यासाठीच. परंतु प्रशिक्षित माणसाच्या कामाला प्रशिक्षित दर मिळाला नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि काम पूर्ववत चालेल.

उपाय कोणता?

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. लहान दुकानदारामागे आधीच परवाने, नोंदण्या आणि विवरणपत्रे यांचा ससेमिरा आहे. त्यात आणखी एका निरीक्षकाची भर घातली, तर कपाटे थंड होणार नाहीत. फक्त चिरीमिरीचा आणखी एक मार्ग खुला होईल. हा आक्षेप मान्य करूनच उपाय शोधले पाहिजेत. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आवश्यक ते अधिकार आहेतच; नव्या कायद्याची गरज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तापमान दृश्य झाले पाहिजे. ग्राहकाला सहज वाचता येईल असा तापमापक प्रत्येक कपाटावर असावा. दुधासाठी ५ अंश किंवा कमी, गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश, हे आकडे शेजारी लिहिलेले असावेत. दिवसातून दोनदा आकडा लिहिण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. असा तापमापक फार महागही नसतो आणि तो निरीक्षकाचे बरेचसे काम ग्राहकाकडून करवून घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, यंत्र ज्याच्या मालकीचे, देखभाल त्याच्या माथी, हे तत्त्व करारात यावे. कपाट देणाऱ्या कंपनीने वर्षातून दोनदा ते तपासून द्यावे, तपासणीची तारीख कपाटावर चिकटवावी आणि यंत्र किती वीज घेते ते दुकानदाराला आधी लेखी कळवावे. एकटा दुकानदार अशी अट घालू शकणार नाही. त्याची व्यापारी संघटना घालू शकेल.

तिसरी गोष्ट सहकाराची. एका दुकानाला मेकॅनिक नेमणे परवडत नाही; एका पेठेतल्या शंभर दुकानांनी मिळून वार्षिक करार केला, तर प्रत्येकाचा वाटा नगण्य होतो आणि मेकॅनिकला बारमाही काम मिळते. त्याचे उत्पन्न बिघाडाऐवजी बिघाड न होण्यावर अवलंबून राहू लागते, हा यातील सर्वांत मोठा लाभ. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शीतकरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या तरुणांना या व्यवस्थेत गावातच रोजगार मिळू शकेल. ज्या महाराष्ट्राने साखर आणि दूध सहकाराने सांभाळले, त्याला हे अवघड वाटण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट शासनाने करावयाची. शीतगृहाच्या अनुदानाचा काही भाग यंत्रणा तीन ते पाच वर्षे नीट चालल्याच्या नोंदी पाहूनच द्यावा.

प्रश्न केवळ काही हजार रुपयांच्या विजेचा नाही. झटपट घरपोच माल देणाऱ्या भांडवलदार कंपन्या आणि मोठी दालने यांच्याशी गल्लीतला किराणा दुकानदार आज अस्तित्वाची झुंज देत आहे. भावाच्या बाबतीत तो त्यांना पुरा पडणार नाही. ओळख, उधारी आणि विश्वास हे त्याचे भांडवल आहे. त्याच्याकडचे दूध नासले, पनीर आंबले, एखाद्या घरातले मूल त्यामुळे आजारी पडले, तर हे भांडवल बुडण्यास एक दिवस पुरतो. मोठ्या दालनाकडे वळण्याची ऐपत ज्यांची नाही, त्या कुटुंबांना मात्र त्याच दुकानातून तोच माल घ्यावा लागेल. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी वजन, माप आणि किंमत यांबाबत ग्राहकाला प्रश्न विचारण्यास शिकवले. त्यात आता तापमानाच्या प्रश्नाची भर पडावयास हवी. येत्या उन्हाळ्यापूर्वी निदान आपापल्या पेठेतील व्यापारी आणि ग्राहक यांनी एकत्र बसून याचा विचार केला, तर वैशाखात माल फेकण्याची पाळी पुष्कळांवरून टळेल.